गुरुवारचं दातांचं काम

कार्यालयाच्या खिडकीत बसून एक वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणते : "मूळ प्रत दाखवा." बावीस वर्षं झाली, चिखलीतल्या एका शाळेत लिपिक आहे. झेरॉक्सची झेरॉक्स, ब्लेडने खरवडलेली जन्मतारीख, निळ्या शाईवर चढवलेली काळी शाई, सगळं नजरेखालून गेलं आहे. दाखला पुढे सरकवताना माणूस अंगठा कुठे ठेवतो, त्यावरून खाडाखोड कुठे आहे ते मला कळतं. त्यामुळे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जानेवारीत सांगितलं, "एखाद्या चांगल्या समुपदेशकाशी मोकळेपणी बोला," तेव्हा मी घरी येईपर्यंत एकच विचार करत होते. त्या चांगल्या माणसाची मूळ प्रत कोण तपासणार?

डॉक्टरांकडे जायला दोन गोष्टी कारण झाल्या होत्या. पहिली मी त्यांना सांगितली. दिवाळीनंतर बारावीच्या बारा मुलांचे परीक्षा अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिले. विसरले नव्हते. रोज ड्रॉवर उघडत होते, गठ्ठा बघत होते आणि ड्रॉवर लावत होते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी घामाघूम होऊन सगळे भरले. कुणाचं नुकसान झालं नाही, कुणाला कळलंही नाही. पण बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुसरी गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. डिसेंबरात भाचीच्या मुलाचं बारसं होतं, माझ्या माहेरी, उंद्रीला. जेवण झालं, ओटी भरून घेतली आणि चिखलीची बस पकडायला दोन वाजता थांब्यावर येऊन बसले. बस आली. मी उठले नाही. दुसरी आली, तिसरी आली, मधे दोन जीपवाले "चिखली, चिखली" ओरडून गेले. मी रडत नव्हते. काही विचारही करत नव्हते. फक्त पर्समधली वही काढून प्रत्येक बसची वेळ लिहीत होते : दोन दहा, तीन पाच, चार, चार पन्नास. एकाखाली एक. माझ्या वहीतल्या प्रत्येक यादीला वर मथळा असतो, किराणा, शाळा, शेत, आहेर. या यादीला मथळा नव्हता. साडेसहाला एक बस आली तेव्हा कंडक्टर दारातून ओरडला, "ओ मावशी, येता का नाही? आता गाडी नाही मांगून." मी चढले. घरी सांगितलं, बस उशिरा आली.

डॉक्टरांनी रक्त, थायरॉईड, साखर, सगळं तपासून घेतलं. सगळं ठीक. मग त्यांनी चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं : डिप्रेशन, आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह मला आवडलं. निदान एक माणूस तरी खात्री नसताना खात्रीचं लिहीत नव्हता.

घरी येऊन वहीत पान आखलं. रकाने चार : कुठे, जाताना कोण बघेल, त्याला काय सांगायचं, आणि मूळ प्रत. भीती एकच होती. शाळेत कळलं तर उद्यापासून माझ्या सहीखाली दुसरी सही मागतील. "मॅडमची तब्येत बरी नाही" असं मायेने म्हणतील आणि किल्ल्या काढून घेतील. तेवढ्या किल्ल्यांच्या आधाराने मी सकाळी उठत होते.

तेव्हा चाचणी घ्यायचं ठरवलं. ती मी शोधून काढलेली नाही. आमचं शेत अमडापूरला आहे. दरवर्षी मे महिन्यात सोयाबीनचं घरचं बियाणं पेरण्याआधी आमच्याकडे शंभर दाणे मोजून घेतात, ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या रांगा मांडतात, पोतं गुंडाळून सावलीत ठेवतात आणि रोज पाणी शिंपडतात. सातव्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचं. सत्तरच्या वर असतील तर बियाणं पेरायचं, फारच कमी असतील तर सरळ बाजारात. बियाणं दिसायला कितीही टपोरं असो, पोत्याचा निकाल खरा. माझं लग्न झालं तेव्हापासून आमच्या घरी मोजणी माझ्याकडे आहे.

माणसांची चाचणीही अशीच करायची. प्रत्येक समुपदेशकाला एक खोटा दाणा द्यायचा, प्रत्येकाला वेगळा, म्हणजे गावात उगवला तर कुणाच्या पोत्यातला ते लगेच कळेल. सात दिवस वाट बघायची. फरक इतकाच की इथे एकही दाणा उगवायला नको होता.

पहिल्या बाई चिखलीतल्याच. औषधाच्या दुकानाशेजारून जिना, वर पाटी : करिअर मार्गदर्शन, अभ्यासाची तंत्रं, मानसिक समुपदेशन. एका पाटीवर इतकं असलं की मला शंका येते. दुकानदाराची मुलगी आमच्याच शाळेत नववीला, म्हणून 'काय सांगायचं' या रकान्यात लिहिलं होतं : शाळेतर्फे मार्गदर्शन शिबिराची चौकशी. दुकानदाराने विचारलंच. मी सांगितलं. त्याने मान डोलावली, जरा जास्तच.

बाई पन्नाशीच्या, शांत. पण भिंतीवर प्रमाणपत्राऐवजी सूर्यफुलांचं कॅलेंडर. झोप, भूक, कामाचा कंटाळा एवढं सांगितलं आणि मग दाणा टाकला : "नोकरीतून लवकर निवृत्ती घ्यावी असं मनात येऊन राह्यलं." बाईंनी वहीत लिहून घेतलं. ते लिहिणं मला आवडलं नाही.

चौथ्या दिवशी विज्ञानाचे सर खिडकीत येऊन उभे. "काय मॅडम, निवृत्ती घेऊन राह्यल्या म्हणे? आता आमचे बिलं कोण काढन?"

"कोणी सांगितलं?"

"आता बाप्पा! गावात कोणी सांगा लागते काय?"

मी हसले. जेवणाच्या सुट्टीत वही काढून पहिल्या नावावर लाल रेघ मारली. चार दिवसांत उगवला होता. सोयाबीनलाही इतकी घाई नसते.

दुसरी सोय मोबाईलवरची होती. पुण्यात बसलेली समुपदेशक, घरबसल्या बोलणं, कुणी बघायला नको. मी जुन्या दाखल्यांच्या खोलीत कडी लावून बसले. आधी त्या ॲपने माझ्या मोबाईलमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागितली. माझ्या मोबाईलमध्ये अर्ध्या तालुक्यातले पालक आहेत. यांना ते कशाला हवेत? नाही म्हटलं. मग एक गोड आवाज आला. मी म्हटलं, "मले ना, काही कराचंच मन होऊन नाही राह्यलं." मग, "सॉरी, जरा पुन्हा सांगाल का? सावकाश?" मी पुन्हा सांगितलं, या वेळी कार्यालयीन मराठीत : "कोणतेही काम करण्याची इच्छा होत नाही." तिला लगेच कळलं. मला मात्र वाटलं, मी रजेचा अर्ज देते आहे. तिला दाणासुद्धा दिला नाही. रेघ.

तिसरं नाव बुलढाण्यातलं. तिथल्या एका मानसोपचार डॉक्टरांच्या दवाखान्यात दर गुरुवारी अकोल्याहून एक मानसशास्त्रज्ञ येत असे. गुरुवारी अर्धी रजा, दुपारची बस. आता बसमध्ये तर सगळं गाव. "कुठी निंगाल्या मॅडम?" याला उत्तर ठरवलं होतं : दातांचं काम. दात हे चांगलं कारण आहे. दिसत नाहीत, वेळ खातात आणि पुढे कुणी तपशील विचारत नाही, असा माझा अंदाज होता. तो चुकला. दुसऱ्याच गुरुवारी शेजारच्या सीटवरच्या बाईंनी स्वतःची दाढ दाखवून डॉक्टरचं नाव मागितलं. तिसऱ्या गुरुवारी एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "रूट कॅनल किती दिवस चालून राह्यलं तुमचं? फसवून राह्यला तो तुमाले. सोडा त्याले." मग मला घरी बसून दातांचा एक स्वतंत्र कागद करावा लागला : कोणती दाढ, किती वेळा, कुणाला काय सांगितलं.

मानसशास्त्रज्ञ माझ्या मुलीच्या वयाची. मनगटापेक्षा घड्याळ मोठं. बसण्याआधीच मी म्हटलं, "तुमच्या पदवीची मूळ प्रत बघायला मिळेल?"

ती रागावली नाही. भिंतीवरची चौकट खिळ्यावरून काढून तिने माझ्या हातात दिली. "फ्रेम उघडायची असेल तर मागे चार खिळे आहेत."

मी खिळे उघडले नाहीत, पण नोंदणी क्रमांक वहीत उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या संगणकावर तपासला. खरा निघाला. त्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली होती. तिच्या खोक्यातला कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, दोन शंका दुसऱ्या गुरुवारी विचारल्या, मगच सुरू केली.

तिला दिलेला दाणा मोठा होता. "दिरांशी शेताच्या वाटणीवरून बोलणं बंद आहे." खरं म्हणजे माझे दीर नाशिकला असतात, दर रविवारी फोन करतात आणि शेताचं नाव काढलं की म्हणतात, "वहिनी, तुम्ही जे कराल ते बरोबर." पण वाटणीचा दाणा आमच्याकडे हमखास उगवतो. अशी बातमी अमडापूरला पोहोचायला बससुद्धा लागत नाही.

सात दिवस झाले. काही नाही. चौदा झाले. घरी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होते, शेजारणींच्या बोलण्यात वाटणीचा शब्द शोधत होते. काही नाही. निकाल लागला होता, पण मला पटेना. बियाण्याला सात दिवस पुरतात, माणसाला किती पुरतात ते कुठे लिहिलेलं नाही. मी चाचणी वाढवली. आणखी एक गुरुवार, मग आणखी एक.

आणि दर गुरुवारी ती पोरगी मन लावून माझ्या नसलेल्या भांडणावर उपचार करत होती. दिरांना न पाठवायचं पत्र लिहायला सांगितलं, मी लिहिलं. चांगलं दोन पानी, मुद्देसूद. तिने ते लक्षपूर्वक वाचलं. मला लाज वाटली, पण वाटणी मागे घेतली नाही. गोळीमुळे म्हणा, झोप जरा लागत होती. बाकी सगळं तिथेच होतं.

मार्चमधला गुरुवार. परीक्षा सुरू होत्या, शाळेत काम डोक्यावरून जात होतं. दवाखान्यातून निघून बुलढाण्याच्या स्टँडवर आले. चिखलीची बस लागलेली होती. अर्धी रिकामी. खिडकीची जागा दिसत होती. मी बाकावर बसले आणि ती बस निघून गेली. माझा हात पर्समध्ये गेला, वहीकडे.

तेव्हा भीती वाटली. उंद्रीला वाटली नव्हती ती इथे वाटली. तिकडे मी आजारी आहे हे मला माहीत नव्हतं. इथे मी उपचार घेऊन परतत होते, आणि उपचार चालले होते वाटणीवर. पुढची बस आली तेव्हा बाकाच्या कडेला धरून उठले आणि चढले. वहीत वेळ लिहिली नाही.

पुढच्या गुरुवारी काय करायचं ते ठरत नव्हतं. खरं सांगायचं तर आधी खोटं मागे घ्यावं लागणार. मी इतकी वर्षं लोकांना खोट्या कागदांबद्दल बोलत आले, माझा चेहरा कसा दिसला असता? पण तिनेच सुरुवात केली.

"ताई, एक विचारू? बाकी सगळं सांगताना तुम्ही माझ्याकडे बघता. वाटणीचं सांगताना वहीकडे बघता."

मी वही मिटली.

"खोटं असेल तर चालेल," ती म्हणाली. "माझ्याकडे बरेच जण पहिल्यांदा दुसराच आजार घेऊन येतात. फक्त त्या वहीत खरं काही असेल तर ते कधी दाखवणार, एवढं सांगा. म्हणजे मी तोवर दिरांवर मेहनत करणार नाही."

दाखल्यावरचा अंगठा. तिला माझा अंगठा दिसला होता. मला राग यायला हवा होता, पण आला तो वेगळाच विचार : ही आमच्या खिडकीत बसली तर चांगलं काम करील.

मी वही उघडून उंद्रीचं पान तिच्यापुढे ठेवलं. मथळा नसलेलं. दोन दहा, तीन पाच, चार, चार पन्नास. काय आहे ते सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. डिसेंबरपासून जपलेली गोष्ट, आणि पाच मिनिटं.

तिने आकड्यांवरून बोट फिरवलं. मग ती इतके दिवस बोलत होती ती मराठी सोडून एकदम आमच्या बोलीत म्हणाली, "मंग शेवटच्या गाडीत बसल्या काऊन?"

"त्यानं आवाज देल्ला. आता गाडी नाही म्हणे मांगून."

"अन् देल्ला नसता तर?"

नेमका हाच प्रश्न कुणी विचारू नये म्हणून मी जानेवारीपासून रकाने आखत होते. मी उत्तर शोधलं. प्रामाणिक उत्तर हे होतं की मला माहीत नाही, आणि मी तेच दिलं. तिने मान हलवली. लिहून घेतलं नाही. मग बुलढाण्याच्या स्टँडवर सुटलेल्या बसचंही सांगितलं. तिने स्पष्ट शब्दांत विचारलं, जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का. नाही, मी म्हटलं, फक्त कुठेच जावंसं वाटत नाही. हेही ती तपासत होती हे मला कळत होतं. तपासू दे, म्हटलं. त्या दिवशी ती म्हणाली, घरातल्या एका माणसाला हे माहीत असायला हवं. कोणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा.

मी ठरवायला मे उजाडवला.

सातव्या दिवशी सकाळी यांनी पोतं अंगणात आणून उलगडलं. दरवर्षीप्रमाणे मी मोजत होते, हे कागदावर रांगेचा आकडा लिहीत होते. तिसऱ्या रांगेवर हे म्हणाले, "दात कसे हायेत तुहे?"

"बरे आहेत."

"बरेच असतीन. माह्यापेक्षा मजबूत हायेत. काल ऊस तू दातानं सोलला."

मी मोजत राहिले. आठ. पुढची रांग, नऊ.

"अवं, म्या तुही पर्स पाह्यली," हे खाली बघत म्हणाले. "दोन महिने झाले. मले वाटलं, मोठा आजार हाये अन् तू लपवून राह्यली. गोळीचं पाकीट घेऊन मेडिकलवाल्याले इचारलं, कायची गोळी हाये? तो म्हणे, झोपेची, टेन्शनची असते. म्हटलं, मंग ठीक हाये."

"काय ठीक आहे?"

"म्हणजे मराची नाही ना तू."

आता यांनी त्या जिन्याशेजारच्या दुकानात विचारलं, म्हणजे गावात कोणाकोणाला कळलं, मी मनात यादी करायला लागले. हे थांबले नाहीत. "अन् निवृत्तीचं म्हणत होती, तवाच मले शंका आली. म्हटलं, नोकरी इचीवर भारी होऊन राह्यली. मंग तुमच्या विज्ञानाच्या सरले नियम इचारले, किती वर्षं झाल्यावर घेता येते."

माझ्या हातातला कोंब निसटला. "निवृत्तीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच म्हणून राह्यली होती. पोळ्या लाटता लाटता. दोन-तीनदा म्हणली. म्या मोरीत होतो."

मी त्या वेळी सराव करत होते. वाक्य स्वाभाविक यावं म्हणून, तव्यापुढे उभी राहून. जिना चढायच्या आधीच माझा दाणा माझ्याच स्वयंपाकघरात ओला झाला होता, आणि उगवला म्हणून मी त्या सूर्यफुलांच्या कॅलेंडरवाल्या बाईंवर रेघ मारून मोकळी झाले होते.

मी ओट्यावर बसले आणि यांना उंद्रीचं सांगितलं. बुलढाण्याचंही. हे बराच वेळ पोत्यावर पाणी शिंपडत राहिले. मोजून झालेल्या पोत्यावर पाणी शिंपडायचं काही कारण नव्हतं.

"गुरुवारी म्या येऊ काय?"

"आत काय बोलले ते विचारणार असाल तर नको."

"बाहेर बसन. पेपर वाचन."

उरलेल्या रांगा मोजल्या. ब्याऐंशी. पेरण्याजोगं बियाणं.

दाखल्यात चुकून बरोबर नोंद खोडली गेली तर ती पुन्हा लिहून शेजारी सही करावी लागते, तो नियम आहे. मी वहीतलं पहिलं नाव लाल रेघेखाली पुन्हा लिहिलं आणि बाजूला सही केली. पुढच्या आठवड्यात तो जिना चढून त्या बाईंना भेटून आले. दुकानदाराने विचारलं तेव्हा मात्र शिबिराचंच सांगितलं. त्याच्याकडे यांनी गोळी दाखवली होती हे मी विसरलेले नाही.

गुरुवारी हे आले. बाहेर बसले, पेपर वाचला, मी आतून आले तेव्हा यांनी खरंच काही विचारलं नाही. आम्ही स्टँडवर येऊन बाकावर बसलो. त्याच बाकावर, हे मी त्यांना सांगितलं नाही. चिखलीची बस आली. हे उठले नाहीत. पेपरची घडी करत माझ्याकडे बघत होते. मला संशय आला : गुडघा दुखतोय, की मी उठते की नाही ते बघताहेत? विचारलं असतं तर गुडघाच सांगितला असता.

मी उठले. पिशवी घेतली, पायरी चढले आणि दारातून म्हटलं, "अहो, येता का नाही?"